दाराबाहेरचा हात

मिलवाल्या गुणवंतरावांनी फुटलेला दगड पोत्यात भरून आणला आणि शेखांच्या अंगणात, नूर मोहम्मदांच्या खुर्चीपुढे ओतला. काळे, खरबरीत तुकडे फरशीवर खडखडत पसरले. एक तुकडा घरंगळत जाऊन नूर मोहम्मदांच्या पायाला लागून थांबला. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

“नूरभाऊ, हा तुमचा माल,” गुणवंतराव म्हणाले. “पत्रूच्या खांद्यातून याचाच टुकडा काढला डॉक्टरनं. जाळी फोडून आला. चार बोटं इकडं आला असता तर गळ्यात होता.”

वर्कशॉपच्या दारात त्यांचा मुलगा अक्रम चिंधीने हात पुसत उभा होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसतच राहिला.

धानाच्या मिलमध्ये तांदळावरचा कोंडा काढणारं पॉलिशर असतं, त्याच्या पोटात हा दगड फिरतो. दगड म्हणायचं एवढंच. तो काही डोंगरातून येत नाही. लोखंडी शंकूवर, म्हणजे कोनवर, घासकागदावर असतो तसा एमरीचा काळा रवा, पांढरी पूड आणि खाराचं पाणी एकत्र कालवून भरायचं, ठोकायचं, सावलीत वाळवायचं. झिजला की खरवडून पुन्हा भरायचा. चामोर्शीपासून पोंभुर्ण्यापर्यंत कुठल्याही मिलवाल्याला दगड भरायचा झाला की शेखांचं वर्कशॉप आठवे. नूर मोहम्मदांच्या वडिलांपासूनची ही गोष्ट. शेखांचा दगड झिजतो पण फुटत नाही, असं लोक म्हणत आणि शेख ते ऐकून घेत. यंदा मात्र मोसमाआधी मशीन चालवून पाहतानाच पहिला दगड फुटला होता.

“पत्रू कसा आहे?” नूर मोहम्मदांनी विचारलं.

“टाके पडले. जिवाले धोका नाई. पण तो परत मशिनीपाशी उभा राहीन असं वाटत नाई मले. बायको म्हणते, बकऱ्या चारा पण मिलमंदी नको.” गुणवंतराव बाजेवर टेकले. “अन् पत्रू गेला तर मिल कोण चालवन? पोट्टे येतात, आयटीआयचा कागद दाखवतात. शेलरचे रबर कवा बदलाचे विचारलं तर माह्याकडेच पाहतात. मागच्या साली एकानं पट्टा उलटा चढवला. दिवसभर मिल घुमली, तांदूळ काई निघाला नाई.”

एरवी अशा गोष्टीवर अंगणात हसू फुटलं असतं. आज कोणी हसलं नाही.

माणूस मिळत नाही, हे रडगाणं अक्रमला तोंडपाठ होतं. तो स्वतःच दोन वर्षं ते गात होता. त्याने आयटीआयच्या फाटकावर कागद चिकटवला, मोबाइलवर जाहिरात फिरवली, गडचिरोलीच्या रोजगार मेळाव्यात टेबल मांडून बसला. शेजारी लोखंडाच्या कारखान्याचं टेबल होतं आणि तिथली रांग मांडवाबाहेर गेली होती. अक्रमच्या टेबलापाशी मुलं थांबत, ती रांग कुठून सुरू होते ते विचारायला. एक मुलगा महिनाभर टिकला. हात चांगला होता त्याचा. जाताना खरं सांगून गेला, की दादा, काम बरं आहे, पण मुलीकडचे कंपनीचं नाव विचारतात.

“मूलवाल्या हरिदासकडे नेतो मी तिन्ही कोन,” गुणवंतराव शेवटी म्हणाले. त्यांना हे म्हणायचं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. “वाईट वाटून घेऊ नका. धान कापणीले आलं. दिवाळी झाली का मिल सुरू करा लागते.”

मूल गावात असंच दुकान चालवणाऱ्या हरिदासचं नाव या अंगणात कोणी घेत नसे. नूर मोहम्मदांनी मान वर केली. एवढ्यात शकिला चहा घेऊन आली. तिने पाहुण्याला बशीसकट कप दिला आणि नवऱ्याच्या हातात नेहमीचा काचेचा गिलास ठेवला. चहा चुलीवरून नुकताच उतरला होता. नूर मोहम्मदांनी गिलास पुऱ्या मुठीत धरला आणि मांडीवर टेकवून बसले. अक्रमने लहानपणापासून हे पाहिलं होतं. अब्बांचे हात एमरीने घट्ट झालेत, त्यांना चटका कसा तो लागत नाही, याची त्याला फार फुशारकी वाटे. शाळेत त्याने यावर पैजा मारल्या होत्या.

“चाचा, आजचा दिवस थांबा,” अक्रम म्हणाला. “मी पवनले बोलावलं आहे. लालसूभाऊचा पोरगा. तो आला तर कोन इथीच भरू.”

आतल्या उंबऱ्यावर उमेरा बसली होती, अक्रमची मोठी बहीण. दगड फुटल्याचं ऐकून सकाळच्या गाडीने चंद्रपूरहून आली होती. ती लगेच म्हणाली, “पवन तर सोडून गेला होता ना? आता त्याच्या हातापाया पडाचं?”

“हातापाया पडाचं काम पडलं तर तेही करतो,” अक्रम म्हणाला.

पवन आला तो आईला घेऊन. धानोऱ्याकडून सकाळीच निघाले होते; मोटारसायकलवर एवढा वेळ बसून कलाबाईचे पाय आखडले होते. तिने दारातच कमरेला हात देऊन अंग सरळ केलं, मग सगळ्यांना जोहार केला. नवरा, लालसू, गेल्यापासून ती या घरी आली नव्हती. तो उन्हाळ्यात गेला, मोहफुलं वेचून झाल्यावर, चार दिवसांच्या तापाने. शकिलाने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. शकिलाचा हात बराच वेळ तिच्या हातावर होता.

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत माल कालवला जाई. त्या खोलीच्या दाराबाहेर एक सिमेंटचा ओटा होता. लालसूने अर्धं आयुष्य त्या ओट्यावर काढलं. आत नूर मोहम्मद दार लावून माल कालवीत. मग दार उघडून घमेलं बाहेर देत. लालसू ते घेऊन शंकूवर भरी, ठोके. आत काय चालतं ते त्याने कधी पाहिलं नाही. त्याने नाही आणि अक्रमनेही नाही. अक्रमला अब्बांनी कॉलेजात घातलं, मग मिलचे सुटे भाग विकायला बसवलं. त्याने विचारलं की म्हणत, शिकशील, घाई काय आहे. ती घाई आता अंगणात पोत्यातून ओतलेली पडली होती.

“पवन,” अक्रमने सुरुवात केली, “तिकडं कारखान्यात कसं चालू आहे?”

“चालू आहे, दादा.” पवन चोविशीचा, बापासारखाच कमी बोलणारा. “हेल्पर म्हणून घेतलं. फिटरचा कागद दाखवलो तर म्हणतात, अनुभव कुठी आहे? मशिनीले हात लावू देत नाईत. झाडाचं, तेल पुसाचं, वस्तू नेऊन द्याची. फिटर बाहेरचे आहेत सगळे.”

“पाह्य!” उमेरा म्हणाली. “मग इथी काय वाईट होतं?”

“इथीही तेच होतं, ताई.” पवनने हे मान खाली घालूनच म्हटलं. “मी सालभर होतो. रवा चाळलो, कोन खरवडलो, ठोकलो. माल कालवाची येळ आली का नूरभाऊ म्हणत, बाहेर जाय. माहा बाप म्हातारा झाला तरी बाहेरच होता. मीबी त्याच ओट्यावर म्हातारा झालो असतो. तिकडं निदान बस घ्याले येते.”

गुणवंतरावांनी कप खाली ठेवला. “पण बाबू, तुमी शिकाले तयार असता कुठी? आजकालच्या पोट्ट्याईले—”

“तुमाले शिकलेला माणूस पाह्यजे, काका. सगळ्याईले शिकलेलाच पाह्यजे. मिलवाल्याले, कारखान्यावाल्याले, इथीही. शिकवाले कोणीच तयार नाई.” पवनने आता वर पाहिलं. “अक्रमदादा, मी येतो. पगार तुमी द्यान तो. पण दाराच्या आत घेत असान तर. बाहेर नाई.”

ही अट अक्रमला ठाऊक होती. फोनवर पवनने तीच सांगितली होती आणि अक्रम हो म्हणून बसला होता. जे स्वतःजवळ नव्हतं ते द्यायला तो कबूल झाला होता. आता त्याने बापाकडे पाहिलं.

“नाई,” नूर मोहम्मद म्हणाले.

“अब्बा—”

“एकदा घेतलो आत. हरिदासले. पोटच्या पोरासारखा शिकवलो. सारं हातात आलं तसा मूलले गेला अन् दुकान टाकला. त्या साली आपल्या घरी ईदचे कपडे जुनेच होते. तुले आठवत नसन, उमेराले आठवते.”

“आठवते,” उमेरा म्हणाली. “अब्बांचं बरोबर आहे. घरची चीज आहे, घरात राह्यली पाह्यजे. शिकवाचंच तर अक्रमले शिकवा, माह्या पोराले शिकवा.”

“तुहा पोरगा येते?” अक्रमने विचारलं. “पुण्यातली नोकरी सोडून?”

उमेराने ओढणी नीट केली. तिचा मुलगा दोन वर्षांत आजोळी आला नव्हता.

“अन् मी एकटा शिकून काय करू? कोन उचलाले दोन माणसं लागतात. अब्बा, मोसमाले किती कोन येतात तुमाले मालूम आहे. यंदा त्यातले अर्धे परत पाठवलो मी. काम नाई म्हणून नाई, माणूस नाई म्हणून. चाचा आज हरिदासकडे गेले का उद्या बाकीचे जातीन. मग दार लावून आत कोणासाठी कालवसान?”

बापाशी तो एवढं कधी बोलला नव्हता. शकिला उठून मध्ये पडेल असं त्याला वाटलं. ती उठली खरी, पण नवऱ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि अक्रमच्याच बाजूने बोलली.

“मी लग्न होऊन आली तवा सासरे होते,” ती म्हणाली. “तेबी दार लावत. पण त्याईच्या येळेस आत चार माणसं राहत. मीच आत चहा नेऊन देत होती. दार उघडं ठेवलं का ते वरडत, वारा येऊन राह्यला, माल मरते. ते वाऱ्यासाठी दार लावत होते, जी. माणसासाठी तुमी लावलं.”

नूर मोहम्मदांनी बायकोकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते गिलास उचलून चहा प्यायले. “मी आहे तोवर मीच कालवीन,” ते म्हणाले. “मग तुमाले काय कराचं ते करा.”

पवन उठला. “चाल, माय.”

कलाबाई उठली नाही. ती अंगणातल्या त्या काळ्या तुकड्यांकडे पाहत होती. तिने हात लांब करून एक उचलला, बोटांत फिरवला. कडेचा रवा मातीसारखा सुटून तिच्या लुगड्यावर पडला.

“भाऊ,” ती म्हणाली, “हा दगड कोणी भरला?”

“माल मी कालवला,” नूर मोहम्मद म्हणाले. “अक्रमनं भरला, ठोकला.”

“घमेल्यात हात कोणी घातला?”

प्रश्न कोणालाच समजला नाही. कलाबाईने तुकडा हळूच खाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता. घरी कोणाची विचारपूस करावी तशी ती बोलत होती.

“पवनचा बाप घरी आला का सांगे. म्हणे, भाऊच्या हाताले आता समजत नाई. गरम गिलास धरते, भाजलेलं दिसते, त्याले समजत नाई. साखरेच्या बिमारीनं हात मेले म्हणे. माल हाताले चावते का नाई, त्याईले लागत नाई. म्हणून घमेलं बाहेर आलं का मी हात घालून पाह्यतो, अन् सांगतो. भाऊ वरडते, तुले काय समजते म्हणते, पण आत जाऊन पाणी टाकते. कोणाले सांगजो नको म्हणे.”

अक्रमला ते दृश्य डोळ्यांपुढे दिसलं, कारण ते त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. दार उघडतं, घमेलं बाहेर येतं, लालसूभाऊ त्यात हात घालतो, मूठ दाबतो, म्हणतो, “बरा हाय, भाऊ.” किंवा, “आज ऊन लई हाय, भाऊ, कोरडा पडला काय?” आणि अब्बा ओरडतात. अक्रमला ती दोन म्हाताऱ्यांची खोड वाटायची. लालसूभाऊ गेल्यावर घमेलं बाहेर आलं तेव्हा अक्रमने ते घेतलं आणि सरळ भरायला लागला. त्यात हात घालायचा असतो हे त्याला सुचलंसुद्धा नाही.

“मग तवा काऊन नाई सांगितलं त्यानं?” त्याने विचारलं. “मले तरी सांगाचं.”

“कसा सांगन? भाऊचं नाव गेलं असतं.”

“आता नाई गेलं?” शकिला कडाडली. मघाशी कलाबाईच्या हातावर ठेवलेला हात तिने केव्हाच काढून घेतला होता. “पाहुण्यादेखत बोलाची गोष्ट होती का ही? ज्यानं तुमाले घरच्यासारखं ठेवलं, त्याचे हात मेले म्हणता?”

“बाई, माह्या माणसानं पोटात ठेवलं. मीही ठेवलं असतं.” कलाबाईने पदराने डोळे पुसले. “पण आता माहा पोरगा इथी ठोकन. दगड फुटला तर त्याले लागन.”

शकिलाने तोंड फिरवलं, आणि ती रडत आहे हे तिच्या पाठीवरून कळलं.

उमेरा उंबऱ्यावरून उठली. तिने बापाच्या मांडीवरचा गिलास घेतला. मघाशी शकिलाने त्यात पुन्हा गरम चहा ओतला होता. गिलास हातात येताच तिने चटकन ओढणीत धरला. मग ती खाली बसली आणि बापाची मूठ उघडून पाहू लागली. तळव्यावर लाल पट्टा उमटला होता, त्याच्याखाली जुने वाळलेले फोड होते. ती लेक होती, वर्षातून चारदा येत होती, आणि हा हात तिने कधी उघडून पाहिला नव्हता.

“अब्बा,” ती म्हणाली, “त्या पोराले आत घ्या.”

नूर मोहम्मदांनी हात सोडवून घेतला. खुर्चीच्या दांड्यावर भार देऊन ते उठले आणि कोणाकडे न पाहता वर्कशॉपकडे चालू लागले. दारात थांबून म्हणाले, “गुणवंतराव, कोन गाडीत आहे ना? उतरवा.” आणि मग, “पवन, ये. अक्रम, तूबी ये. सगळे या. पाहा काय असते आत.”

तो राग होता, अक्रमला कळलं. दार उघडायचं तर सताड उघडायचं, अशी त्या रागाची रीत होती.

खोलीत पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तीन पिंपं, एक चाळणी, पत्र्याचं माप, खाराच्या पाण्याचं मडकं, कोपऱ्यात घमेली. अक्रमला वाटलं होतं, काहीतरी असेल. नूर मोहम्मदांनी मापं सांगितली, अगदी सरळ, दुकानात किराणा सांगावा तशी. जाड रवा इतका, बारीक इतका, पूड इतकी. ज्यासाठी पस्तीस वर्षं दार बंद होतं ते सगळं चहा थंड होण्याच्या आत सांगून झालं. दारातून गुणवंतराव आणि उमेरा पाहत होते. बाहेर उन्हाची झळ होती आणि दारातून वारा आत येत होता.

पवनने रवा आणि पूड कालवली. वरून नूर मोहम्मद खाराचं पाणी सोडत गेले. “दोन्ही हातानं. तळापासून उचल. हं.” थोड्या वेळाने म्हणाले, “आता मूठ भर. दाब. चावते का?”

पवनने मूठ दाबली. “माहीत नाई, जी. चावणं म्हणजे कसं?”

नूर मोहम्मदांनी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. त्यांनी स्वतः घमेल्यात हात घातला, मूठ वळली, डोळे मिटले. अक्रम बापाच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तिथे ऐकू न येणाऱ्या माणसाचा चेहरा होता, कोणी बोलतंय हे दिसतं पण शब्द येत नाहीत तसा. त्यांनी पुन्हा मूठ वळली.

“म्हणजे... रवा हाताले धरते,” ते म्हणाले. “सोडत नाई. पण लागतबी नाई. म्हणजे लागते, पण...”

“असं?” पवनने पुन्हा दाबलं.

“मले काय मालूम असं का कसं? हात तुहा आहे!” ते ओरडले. ज्याला ठाऊक होतं त्याच्या हाताला लागत नव्हतं, आणि ज्याच्या हाताला लागत होतं त्याला काय लागतंय ते ठाऊक नव्हतं. मध्ये ते घमेलं होतं. अक्रमनेही त्यात हात घातला. गार, ओलसर, टोचरा रवा. याहून जास्त त्यालाही काही समजेना. आपण या मालावर जेवून वाढलो, आणि आपल्याला याचं काहीच कळत नाही, याची त्याला पहिल्यांदा खरी लाज वाटली.

नूर मोहम्मदांनी घमेलं उचललं. पवन घ्यायला पुढे झाला, पण त्यांनी दिलं नाही. ते उंबरा ओलांडून बाहेर आले, लालसूच्या ओट्यापाशी गेले आणि घमेलं दोन्ही हातांनी पुढे धरून उभे राहिले.

ते कशाची वाट पाहत आहेत हे अक्रमला क्षणभराने कळलं. कलाबाईला आधीच कळलं असावं. ती अंगणातून दोन पावलं पुढे आली आणि पदर तोंडाशी धरून थांबली. ओटा रिकामा होता. म्हातारा घमेलं धरून उभा होता, आणि त्या घमेल्यात हात घालायला कोणी नव्हतं.

“मले मालूम होतं,” नूर मोहम्मद म्हणाले. ओट्याकडे पाहूनच म्हणाले. “मी त्याची वाट पाहत होतो, दर बार. त्यानं बरा हाय म्हटलं का मग मले झोप लागे. एक बार तरी आत बोलवाले पाह्यजे होतं त्याले.”

गुणवंतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शकिला स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली होती. ती कलाबाईच्या मागे जाऊन उभी राहिली. मग तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि या वेळी काढला नाही.

पवन बाहेर आला. तो ओट्यावर बसला नाही. उभ्यानेच त्याने घमेल्यात हात घातला, मूठ दाबली, सोडली, परत दाबली.

“मले समजत नाई, भाऊ,” तो म्हणाला. “पण आत होतं त्याच्यापेक्षा वरचा कोरडा वाटते. खालचा नाई. वरचा सुटून राह्यला.”

अक्रमला वाटलं, आता ‘तुले काय समजते’ येणार. ते शब्द म्हाताऱ्याच्या ओठांपर्यंत आले असतील. पण नूर मोहम्मदांनी घमेल्यात पाहिलं, मग सताड उघड्या दाराकडे पाहिलं, जिथून वारा सरळ आत जात होता.

“वारा लागला,” ते म्हणाले. “माह्या बापाचं बरोबर होतं. हा मेला, फेक.”

“फेकू?” गुणवंतराव दचकले. “नूरभाऊ, मोसम तोंडावर आहे—”

“फेकाच लागन. अजून दोन-चार फेका लागतीन. नव्या मालाचे लहान लहान गोळे करू, एक ओला, एक कोरडा, वाळवू, हातोडीनं फोडू. जो फुटणार नाई तो कसा लागत होता, ते पवनचा हात ध्यानात ठेवन.” त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. “तुमी हरिदासकडे न्या दोन कोन. एक ठेवा. तेवढं करा माह्यासाठी.”

गुणवंतरावांनी मान हलवली. हरिदासचं नाव आज दुसऱ्यांदा या अंगणात निघालं होतं, आणि या खेपेला ते घरमालकाने स्वतः घेतलं होतं.

पवनने घमेलं अंगणाच्या कडेला नेऊन उपडं केलं, फुटलेल्या दगडाच्या तुकड्यांशेजारी. रिकामं घमेलं पुसून तो परत आला. नूर मोहम्मद आत गेले होते, चाळणी काढत होते. अक्रम त्यांच्या मागे गेला. पवनही आला, त्याने घमेलं खाली ठेवलं.

“दार लाव,” नूर मोहम्मद म्हणाले.

पवनला वर्षभराची सवय होती. तो मुकाट्याने वळला, उंबऱ्याबाहेर गेला आणि दाराची कडी हातात घेऊन ते बाहेरून ओढू लागला.

“आतून, बेटा,” म्हातारा म्हणाला. “आतून लाव.”